आल्याचं सांगून जा

१

मी देवभोळा नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा असतो त्यांना मी गाडीत पुढच्या सीटवर बसवत नाही, कारण ते रस्ताभर बोलत राहतात. माझं नाव नाझ्झारेनो, घरात नेनो. इटलीच्या उंब्रिया प्रांतातली डोंगरावरची गावं पाहुण्यांना दाखवणं हा माझा धंदा. सकाळी स्पेल्लो, जेवायला बेवान्या, उन्हं कलली की ऑलिव्हच्या उतारावरचं त्रेवी, आणि मुक्कामाला आमचं रोक्कास्पीना. प्रत्येक गावाला चढ असतो, आणि प्रत्येक चढावर कुणीतरी धापा टाकत मला विचारतं, की लोकांनी गावं इतकी उंचावर का बांधली. मी सांगतो, पाहुण्यांचा त्रास नको म्हणून.

यंदापासून माझी मुलगी इलेनिया सोबत असते. तिने वाटाड्याची रीतसर परीक्षा दिली आहे. गाडी मी चालवतो, पायी ती फिरवते, आणि रोक्कास्पीनात रांधायचं काम माझी बायको ओरिएत्ता करते. भूकंपात आमचं गाव पडलं. तेव्हापासून आम्ही सरकारने दिलेल्या लाकडी घरांत राहतो. त्यातल्याच दोन घरांत पाहुण्यांची सोय केली आहे. पहिल्याच मोसमात इलेनियाने मला ताकीद दिली होती.

"बाब्बो, तू गाडीतच बसत जा. तू तोंड उघडलंस की पाहुणे कमी होतात."

मला ते बरंच पडलं. पन्नाशीनंतर चढ कुणाला हवेत?

जूनच्या शेवटी तोरिनोचे बेर्सानो मास्तर, त्यांची बायको आणि दोन डच बहिणी आल्या. मास्तर निवृत्त, पण शिकवायची खोड गेलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मास्तरीणबाई पावाला मध लावत म्हणाल्या की काय गोड घंटा आहे हो तुमच्या गावाची, पहाटे तिनेच जाग आली. मी म्हटलं, कर्णा असेल. आमच्या पत्र्याच्या चॅपेलवर एक कर्णा आहे, त्यातून रविवारी घंटेची ध्वनिफीत वाजते. मग लक्षात आलं, आज गुरुवार. आणि मे महिन्यातल्या एका पाहुण्यानेही जाताना घंटेची तारीफ केली होती. तेव्हा मी ते त्याच्या वाइनच्या खाती टाकलं होतं.

इलेनियाने कप खाली ठेवला. "कशी वाजत होती, सांगता येईल?"

मास्तरीणबाईंनी चमच्याने कपावर वाजवून दाखवलं. दोन ठोके, मग थांबा. पुन्हा दोन ठोके, पुन्हा थांबा. ओरिएत्ता दुधाचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तशीच मागे वळून आत गेली.

२

आमच्या गावाखाली मोठा माळ आहे. चहूबाजूंनी डोंगर, मधे मसुराची शेतं, आणि जूनमध्ये त्यांच्यातून लाल, निळी, पिवळी रानफुलं उसळतात. पाहुणे येतात ते त्यासाठीच. पण माळ दिसतो तेवढा साधा नाही. त्याच्यावर धुकं उतरतं ते पायऱ्या उतरत नाही, एकदम बसतं, आणि मग माणसाला आपला हात दिसत नाही. माळाच्या खालच्या अंगाला एक खोल घळ आहे. बर्फ वितळलं की सगळं पाणी तिथून जमिनीत जातं, आणि पुढे कुठे निघतं ते कुणाला ठाऊक नाही. आम्ही तिला नुसतं 'तोंड' म्हणतो.

म्हणून आमच्याकडे घंटेचा रिवाज. धुकं बसलं आणि कुणी माळावर असलं, की मनोऱ्यावरची घंटा वाजवायची. धुक्यात पायांवर विश्वास ठेवू नये, घंटेवर ठेवावा, हे रोक्कास्पीनाच्या पोराला चालता येण्याआधी शिकवतात. घंटा वाजवणाऱ्याने हात थांबवायचा नाही. बाहेरचा माणूस परत आला, की त्याने आधी मनोऱ्याखाली जायचं, मान वर करायची आणि ओरडून सांगायचं, मी आलो. मग घंटा थांबते, आणि घराघरांत बायका मसुराचं भांडं चुलीवर ठेवतात. एखादा दारुडा धनगर न सांगता घरी जाऊन झोपला, तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्याची हजामत करी.

घंटा वाजवायचं काम ओरिएत्ताच्या घराण्याकडे. तिचा बाप सेत्तीमिओ, माझा सासरा. त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला होता, म्हणून तो दोन ठोके देई आणि श्वास घेई. इलेनिया लहानपणी या आजोबासोबत, तिच्या नोन्नोसोबत, वर जायची, दोरीला लोंबकळायची आणि घाईघाईने तीन-तीन ठोके द्यायची. म्हातारा करवादायचा, "धावतेस कशाला ग? धुक्यातला माणूस सावकाश चालतो."

भूकंपाच्या सकाळी माळावर धुकं होतं. तेरा वर्षांची इलेनिया मामाची घोडी आणायला खाली गेली होती आणि सेत्तीमिओ तिच्यासाठी घंटा वाजवत होता. ती आवाजाच्या रोखाने निघालीही होती. मग जमीन हलली आणि मनोरा बसला. गावाचा रस्ता दुभंगला होता, म्हणून वनखात्याच्या जीपने तिला पलीकडच्या बाजूने डोंगराखाली नेलं. रात्र होईपर्यंत आम्हाला ती जिवंत आहे हेही माहीत नव्हतं. सेत्तीमिओला दगडांतून काढलं तेव्हा दोरी त्याच्या मुठीत होती. सोडवता येईना, म्हणून कापावी लागली.

नॉर्चाच्या दफनभूमीत इलेनियाने माझी बाही ओढली होती. "बाब्बो, नोन्नोला सांगायचं राहिलं ना?"

मी म्हटलं, त्याला कळलं असेल. दुसरं काय बोलणार होतो मी?

३

घंटा आता स्पोलेतोच्या एका गोदामात आहे. मी स्वतः पाहिली आहे. फळीवर पालथी ठेवलेली, कडेला चीर, वर चिकटवलेला आकडा. मनोऱ्याचे दगड मात्र स्पोलेतोला गेले नाहीत. तेव्हाच्या घाईत यंत्राने ते माळावर लोटून तोंडाच्या काठाला टाकले, नंतर उचलू म्हणून. दोन हिवाळ्यांत निम्मे आत गेले, बाकीचे अजून तिथेच आहेत. हे सगळं मी गाडी चालवताना त्या गुरुवारी स्वतःशी घोळवत होतो, आणि हिशेब नीट लागत होता. घंटा गोदामात, कर्णा बंद, म्हणजे मास्तरीणबाईंना स्वप्न पडलं असणार. दोन ठोके आणि थांबा, असं स्वप्न कुणालाही पडू शकतं.

गुरांच्या पाण्याच्या दगडी कुंडापाशी मी गाडी लावली. तिथे फोनला जेमतेम रेंज मिळते, पुढे माळावर काहीच नाही. इलेनिया नारिंगी जाकीट घालून पाहुण्यांच्या पुढे चालू लागली. मास्तर तिला एका फुलाचं लॅटिन नाव सांगत होते आणि ती ते चुकीचं असल्याचं गोड बोलून सांगत होती. चौघांच्या टोप्या आणि ती नारिंगी पाठ फुलांत लहान होत गेली. मी पाव आणि हॅम काढलं, खाल्लं, सीट मागे केली आणि टोपी डोळ्यांवर घेतली.

जाग आली ती थंडीने. काचेबाहेर काही नव्हतं. कुंड दहा पावलांवर होतं, तेही नव्हतं.

मी घाबरलो नाही. धुकं आम्हाला नवीन नाही, आणि इलेनियाला काय करायचं ते ठाऊक होतं. परीक्षेसाठी तेच शिकवतात, की लोकांना एकत्र बसवा आणि धुकं उठेपर्यंत हलू नका. मी थर्मासमधली कॉफी ओतली. झाकण ओठांना लावलं आणि घंटा वाजली.

दोन ठोके. थांबा.

कर्ण्याचा आवाज पत्र्यासारखा येतो. हा आवाज भरदार होता, आणि शेवटी त्याला ती घोगरी खरखर होती, कडेला चीर गेलेल्या घंटेला असते तशी. मी काच खाली केली. दोन ठोके. थांबा. त्या थांब्यात एक म्हातारा माणूस खांदा चोळतो आहे, हे मला अगदी स्पष्ट कळलं, आणि ते कसं कळलं हे विचारायची माझी मलाच हिंमत झाली नाही.

मी ओरिएत्ताला फोन लावला. विचारलं, कोण वाजवतंय?

"इथे कुणी नाही," ती म्हणाली. "मी चॅपेलच्या दारातच उभी आहे. आवाज वरून नाही येत, नेनो. खालून येतोय. माळावरून." मग तिचा आवाज उतरला. "ती कुठे आहे?"

गाव माझ्या पाठीशी होतं. घंटा समोर वाजत होती. समोर, खालच्या अंगाला, जिथे तोंडाशिवाय काही नाही.

तेव्हा मला धडकी भरली. शाळेत शिकलेलं माणूस वेळेला विसरतो, घरात शिकलेलं विसरत नाही. परीक्षेने तिला बसून राहायला शिकवलं होतं. पण ती सेत्तीमिओची नात होती, आणि धुक्यात घंटा ऐकून बसून राहील असं माणूस आमच्या गावात जन्मलेलं नाही.

४

मी हॉर्नवर तळहात ठेवला आणि उचलला नाही. दुसरं माझ्याकडे होतं काय? घंटेपेक्षा मोठा आवाज करायचा, म्हणजे ती गोंधळेल, थांबेल, इकडे वळेल. हॉर्नच्या आवाजातही मला घंटा ऐकू येत होती. ती मोठी झाली नाही, जवळ आली नाही, घाईलाही आली नाही. दोन ठोके. थांबा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. समोरच्या पांढऱ्यात आधी एक टोपी दिसली, मग तिच्या मागे दुसरी. चौघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आंधळ्यांच्या रांगेसारखे येत होते. मी हॉर्न सोडून धावलो. पहिले मास्तर होते, मग बाई, मग दोघी बहिणी. शेवटच्या बहिणीच्या खांद्यावर हात नव्हता.

मी विचारलं, माझी मुलगी कुठे आहे?

मास्तरांना धाप लागली होती, पण चेहरा निवांत होता. त्यांना सगळी सहल झकास वाटत होती. ते म्हणाले की आम्ही घंटेच्या दिशेनेच चाललो होतो, ती पुढे होती आणि चांगलीच भरभर चालत होती. मग तुमचा हॉर्न ऐकू आला. तेव्हा ती थांबली, आम्हाला रांगेत उभं केलं आणि हॉर्नकडे तोंड करून दिलं.

"काय म्हणाली? तिचे शब्द सांगा मला."

"म्हणाली, सरळ जा, खांदा सोडू नका. मी आजोबांना सांगून आलेच." मास्तरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आम्हाला वाटलं, जवळपास कुठे राहत असतील."

बाईंनी त्यांचं कोपर धरलं. मी मास्तरांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, त्यांचा हात हॉर्नवर ठेवला आणि सांगितलं, की मी परत येईपर्यंत हा उचलायचा नाही. त्यांनी प्रश्न विचारला नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

५

मी घंटेकडे चालत गेलो. पाठीमागे हॉर्न, पुढे घंटा, आणि पायाखाली मसूर. भिजलेली रोपं पोटऱ्यांना लागत होती. मी तिला हाका मारत होतो. डोकं तरीही आपलं काम करतच होतं. पाणी घळीतून जाताना आवाज येतो, त्याला पोकळीत घुमारा चढतो, असं मी स्वतःला बजावत होतो. बजावता बजावता माझी पावलं ठोक्यांवर पडू लागली. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. लक्षात आलं तेव्हा मी जाणूनबुजून वेडीवाकडी पावलं टाकायला लागलो.

मसूर संपला, दगड लागले. घडीव दगड, मनोऱ्याचे. एकाच्या कडेला लोखंडी कडी होती. तिला मी लग्नाच्या दिवशी सासऱ्याचं खेचर बांधलं होतं. ती मी हाताने चाचपली. तिथून तोंडाचा उतार सुरू होतो हे मला माहीत होतं, म्हणून मी गुडघ्यांवर बसलो आणि पुढे सरकलो.

नारिंगी जाकीट दिसलं. ती माझ्या खालच्या बाजूला, उतारावर, पाठमोरी उभी होती. मला वाटलं होतं ती खाली पाहत असेल. ती वर पाहत होती. मान पूर्ण मागे टाकून, एक हात तोंडाशी धरून, मनोऱ्याखाली उभं राहून आम्ही सगळे पाहायचो तशी. तिच्या वर काहीही नव्हतं. धुकं होतं. पण सगळं धुकं वाऱ्याने आडवं सरकत होतं आणि तिच्या समोरचं तेवढं सरकत नव्हतं. त्याला दोन सरळ कडा होत्या. त्या वर कुठवर जात होत्या ते मी पाहिलं नाही. मी पाहू शकलो असतो. मी पाहिलं नाही.

"इलेनिया," मी म्हटलं, "सांगू नकोस."

तिने ऐकलं असावं. मान किंचित हलली. पण तिचा श्वास आधीच भरलेला होता.

"नोन्नो, मी आले."

घंटा थांबली.

इतकी वर्षं ज्या शांततेने आम्ही सुटकेचा निश्वास टाकला, ती शांतता माळावर पसरली. मग धुकं सगळीकडे सारखंच आडवं सरकू लागलं. मी उतारावर घसरत गेलो, हातांनी दगड, चिखल, गवत चाचपत गेलो. ती जिथे उभी होती तिथे मी पोहोचलो, आणि तिथे मी एकटाच होतो.

गाडीपाशी कसा आलो आठवत नाही. मास्तर हॉर्न दाबून बसले होते आणि रडत होते. सीटवर माझा फोन वाजत होता.

"थांबली," ओरिएत्ता म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. "आली ना पोरगी? मी मसूर चढवलेत."

६

दुपारी धुकं उठलं आणि माळ फुलांनी भरून गेला. अग्निशमनची माणसं आली, कुत्री आली, गुहांत उतरणारी पोरं दोरांनी तोंडात उतरली. पाणी लागेपर्यंत गेली आणि परत आली. काही सापडलं नाही. संध्याकाळी त्यांनीच मला जीपमध्ये घातलं आणि वरच्या नव्या रस्त्याने थेट घराच्या दारात सोडलं. मला धड चालता येत नव्हतं.

उन्हाळाभर घंटा वाजली नाही. मी गाडी विकली नाही, पण पाहुणे बंद केले. लोक म्हणतात वेळ हे औषध आहे. ते लोक माझ्या घरी येऊन दोन दिवस राहू देत.

ऑक्टोबरात पहिलं धुकं बसलं, आणि ती पुन्हा वाजली. पत्त्यांचा डाव मांडून गावातले आम्ही चौघं बसलो होतो. तिघांनी पत्ते खाली ठेवले आणि माझ्याकडे न बघता घरी गेले. आवाज तोच, तीच घोगरी खरखर. हात मात्र सेत्तीमिओचा नव्हता. तीन ठोके, घाईघाईने. थांबा नावालाच. पुन्हा तीन.

मी किल्ल्या उचलल्या आणि गाडी कुंडापाशी नेली. तिला जिथून घंटेने नेलं तिथून हॉर्नने परत आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. धुकं असेतो मी हॉर्न वाजवला, आणि धुकं असेतो ती घंटा वाजली. त्यानंतर प्रत्येक धुक्यात मी तेच करत आलो. बॅटरी बदलली, हॉर्न बदलला. माझा तळहात सुजतो. ती थकत नाही. हट्टी पोर, लहानपणापासून.

आज सकाळी पुन्हा धुकं आहे. मी कोट घालत होतो तेव्हा ओरिएत्ता दारात येऊन उभी राहिली. जूनपासून ती माझ्याशी मीठ-भाकरीपुरतंच बोलते.

"जाऊ नकोस तो भोंगा वाजवायला," ती म्हणाली. "तुझ्या भोंग्यामुळेच तिला वाटतं, तू अजून बाहेर आहेस."

मी म्हटलं, तिला म्हणजे कुणाला, ती वाजवते आहे असं तुला कुणी सांगितलं? ओरिएत्ता घंटेच्या घराण्यातली. तिने माझी कीव केल्यासारखं पाहिलं.

"त्या दिवशी माळावर तूही होतास ना? जीपने आलास, घरात शिरलास आणि झोपलास. कुणाला सांगितलंस, आलो म्हणून?"

बाहेर तीन ठोके पडले. पुन्हा तीन. दुसऱ्या तिनातला शेवटचा जरा उशिरा पडला, आणि तो आम्ही दोघांनी ऐकला. ओरिएत्ताने डोळे मिटले.

"एकदा जाऊन सांगून ये, नेनो. हात भरून आले असतील रे पोरीचे."

ती आत गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. गाडीच्या किल्ल्या मी खुंटीला परत अडकवल्या आहेत, आणि माळावर चालायचे बूट शोधतो आहे.